राजाश्रय गेल्यानंतरची वसई

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मोगल बादशाह हुमायूनच्या धास्तीने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख तहाने पोर्तुगीजांना तोडून दिला, आणि पुढील दोनशे वर्षे या किनारपट्टीवरील ख्रिस्ती धर्म राजसत्तेच्या आश्रयाने वाढला. ही वाढ पाद्रोआदो नावाच्या व्यवस्थेवर उभी होती. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या या अधिकारानुसार बिशपांच्या नेमणुका राजाच्या शिफारशीने होत आणि त्या बदल्यात चर्चच्या खर्चाचा भार राजाने उचलावा, असे ठरलेले होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या व्रतस्थ धर्मगुरूंच्या संघांची चर्चे व मठ वसईच्या कोटात उभे राहिले. याच काळात देवळे पाडली गेली, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने चर्चमध्ये रूपांतर केले. त्यामुळे त्या पिढ्यांच्या धर्मांतरात मनापासूनचा स्वीकार किती, सक्ती किती आणि सवलतींची ओढ किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. तरीही वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणतीही पोर्तुगीज फौज नव्हती, हेही त्याच इतिहासाचा भाग म्हणून नोंदवले पाहिजे.

मे १७३९ मध्ये मराठ्यांचा सेनापती चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला जिंकला आणि राजाश्रयाचा हा काळ संपला. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा होती, आणि ही मुभा मराठी सत्तेच्या बाजूने आवर्जून सांगण्याजोगी आहे. परंतु पोर्तुगीज कुटुंबे आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले, चर्चची उत्पन्ने बंद झाली, कोटातील इमारती ओस पडल्या आणि त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या जाऊन नाशिकच्या नारोशंकर मंदिरात व भीमाशंकरला टांगल्या गेल्या. काही कुटुंबे हिंदू समाजात परत गेली. जी गेली नाहीत, त्यांची श्रद्धा या काळात प्रथमच राज्यकर्त्याच्या धर्मापासून सुटी होऊन उभी राहिली, आणि म्हणूनच वसईच्या ख्रिस्ती समाजाचा खरा आरंभ १५३४ इतकाच १७३९ मध्येही शोधावा लागतो.

हे कसे साधले, याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. पहिले म्हणजे गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू, जे कोणत्याही संघाचे सदस्य नसून थेट बिशपच्या अधिकाराखाली काम करीत. युरोपीय संघांच्या वैभवाच्या दिवसांत दुय्यम मानल्या गेलेल्या या धर्मगुरूंनीच पडत्या काळात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन हे विधी चालू ठेवले. दुसरे म्हणजे घर: रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हटली जाणारी मरियेची प्रार्थना, ही कुटुंबाने एकत्र बसून करावयाची असल्याने तिला धर्मगुरूची गरज नव्हती, आणि वसईच्या ख्रिस्तींमधील सामवेदी व वाडवळ समाजांच्या लग्नगीतांतून, पेहरावातून आणि बोलीतून जुने रीतिरिवाज नव्या श्रद्धेसह टिकून राहिले.

१८१८ नंतर इंग्रजी अमलात भीती ओसरली, मात्र सुस्थितीने वेगळीच फूट आणली. रोमने थेट नेमलेले धर्मगुरू आणि पाद्रोआदोचे गोमंतकीय धर्मगुरू यांच्यातील अधिकाराचा वाद एकोणिसाव्या शतकात इतका पेटला, की १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमने नेमलेल्या बिशप हार्टमन यांना अक्षरशः वेढून ठेवले गेले. वसईची चर्चे बहुतांशी गोव्याच्याच बाजूस राहिली, ज्यात पोर्तुगालवरील निष्ठेपेक्षा अडचणीच्या काळात सोबत राहिलेल्या धर्मगुरूंवरील विश्वास अधिक असावा. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील १८८६ च्या करारानंतर ती दमणच्या बिशपच्या अधिकाराखाली गेली आणि १९२८ मध्ये तो धर्मप्रांत रद्द होईपर्यंत तशीच राहिली.