माजी सैनिक आणि ग्रामपुनर्रचना : किसन बाबूराव हजारे यांच्या सार्वजनिक जीवनाचा एक विचार

प्रस्तावना

युद्धावरून परतलेल्या सैनिकाची नोंद इतिहासात बहुधा एका दिवसापुरती होते. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हे याचे ठळक उदाहरण होय. संगमनेर तालुक्यातील निमजच्या या जवानाने ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. नंतर एकट्याने शत्रूची मशीनगन ठाणी निकामी केली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवसाचा तपशील युद्धेतिहासात आढळतो; परंतु १९८४ मधील निधनापर्यंतच्या पुढील ३९ वर्षांना तेवढी जागा मिळालेली नाही. वास्तविक ग्रामीण समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने सैनिकाचे युद्धोत्तर आयुष्य अधिक महत्त्वाचे असते. तो गावी काय घेऊन परततो आणि गाव त्याचे काय करते, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

याच जिल्ह्यातील किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. त्यांच्या आंदोलनांविषयी विपुल लेखन झाले असले, तरी माजी सैनिक म्हणून त्यांचा विचार तुलनेने कमी झाला आहे. सैन्यसेवेने त्यांना गावात कोणते सामर्थ्य दिले आणि त्या सामर्थ्याच्या मर्यादा कोणत्या, एवढाच मुद्दा येथे विचारार्थ घेतला आहे.

भिंगार ते खेमकरण

हजारे यांचा जन्म १५ जून १९३७ रोजी अहमदनगरच्या लष्करी छावणीलगतच्या भिंगार येथे झाला. १९५२ च्या सुमारास कुटुंब पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या मूळ गावी परतले. सातवीपर्यंतचे शिक्षण, मुंबईत दादर येथे फुलविक्री आणि साठच्या दशकाच्या प्रारंभी सैन्यात वाहनचालक म्हणून भरती, असा त्यांचा पूर्वायुष्याचा क्रम आहे. दुष्काळी भागातील अल्पशिक्षित तरुणाचा हा परिचित मार्ग होता.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांची नेमणूक पंजाबातील खेमकरण विभागात होती. सप्टेंबरमध्ये याच विभागात आसल उत्तर येथे रणगाड्यांची मोठी लढाई झाली. हजारे यांच्या कथनानुसार शत्रूच्या हल्ल्यात त्यांचे सहकारी मारले गेले आणि ते स्वतः बचावले. ‘उरलेले आयुष्य आपले नव्हे’ ही जाणीव त्यांना या प्रसंगाने दिली. नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर घेतलेल्या विवेकानंदांच्या पुस्तिकेने तिला दिशा दिली, असेही त्यांनी सांगितले आहे. अविवाहित राहून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळेपर्यंत सेवा करायची आणि मग गावी परतायचे, असा त्यांचा निश्चय होता. तो १९७५ मध्ये अमलात आला. या निश्चयात भावनेइतकाच व्यवहारही होता, ही बाब लक्षणीय आहे.

परतण्याच्या वेळचे गाव

जिल्ह्याच्या उत्तरेस कोपरगाव परिसरात ब्रिटिश काळातील गोदावरी कालव्यांमुळे ऊस आणि साखर कारखानदारी रुजली. दक्षिणेकडील पारनेर तालुका मात्र पर्जन्यछायेत राहिला. राळेगणसिद्धीचा वार्षिक पाऊस सामान्यतः ४०० ते ५०० मिलिमीटर असून तोही अनिश्चित. १९७२ च्या दुष्काळाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. बहुतांश शेती कोरडवाहू, पाझर तलाव गळका, हातभट्ट्या हा उपजीविकेचा एक आधार आणि रोजगारासाठी गावाबाहेरची वाट, असे गावाचे चित्र होते.

प्रारंभ पाण्यापासून झाला नाही, तर मंदिरापासून झाला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून हजारे यांनी यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तेथेच मुक्काम ठेवला. पुढे श्रमदान आणि शासकीय योजना यांच्या साहाय्याने तलावाची गळती थांबविण्यात आली. नालाबंडिंग, समतल चर व वृक्षलागवड ही कामे माथ्याकडून पायथ्याकडे नेण्यात आली. पुरंदर तालुक्यातील विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचा आदर्श यामागे होता. विहिरींना पाणी वाढल्यावरही ऊस न लावण्याचा नियम गावाने केला. कालव्याच्या कोपरगावात ज्या पिकाने समृद्धी आणली, तेच पीक येथे वर्ज्य ठरले. कारण येथील पाणी मर्यादित आणि सामायिक होते.

सैन्याने दिलेले सामर्थ्य

या यशात सैन्यसेवेचे तीन घटक दिसून येतात. पहिला, निवृत्तिवेतन. ते अल्प असले तरी नियमित होते. त्यामुळे हजारे यांना सावकार, सोसायटी वा पुढारी यांच्या मिंधेपणाची गरज उरली नाही. दुसरा, तटस्थता. दीर्घकाळ गावाबाहेर राहिलेला आणि संसार नसलेला माणूस भाऊबंदकीच्या वादांपासून दूर राहू शकला. बांधावरून तंटे असणाऱ्या गावात ही मोठीच जमेची बाजू होती. तिसरा, शिस्त. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीतील पहिली चारही सूत्रे ‘बंदी’च्या स्वरूपात आहेत, हे पुरेसे बोलके आहे.

तिसऱ्या घटकाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. मद्यपींना मंदिरासमोर खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारल्याचे हजारे यांनी स्वतः मान्य केले आहे. आई आजारी मुलाला हिताकरिता कडू औषध देते, तसेच हे होय, असे समर्थनही त्यांनी केले. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र या नैतिक अधिकाराची चिकित्सा केली आणि त्यात संमतीपेक्षा आज्ञापालनाला व दुर्बल घटकांच्या आवाजापेक्षा एकरूपतेला अधिक स्थान मिळाल्याचे दाखविले. बराकीत आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा होते आणि ती देणारा स्वतःही नियमांनी बांधलेला असतो. गावात तसा नियम नसताना दिलेली शिक्षा केवळ व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर टिकते. भट्ट्या बंद झाल्याने अनेक घरांतील स्त्रियांची हालअपेष्टा कमी झाली, हे खरे. परंतु साधनाचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

गावाबाहेरचा विस्तार

१९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाल्यानंतर हजारे यांचे कार्यक्षेत्र विस्तारले. महाराष्ट्राचा २००२ चा माहिती अधिकार कायदा हे त्यांच्या आंदोलनाचे टिकाऊ फलित म्हणावे लागेल. २०११ मध्ये एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत दिल्लीत झालेल्या उपोषणांनी लोकपालाचा प्रश्न देशापुढे आणला. कायदा २०१३ मध्ये संमत झाला. पहिल्या लोकपालाची नेमणूक मात्र २०१९ मध्ये झाली. एका गावात जी प्रतिष्ठा पुरेशी ठरली, तिला राज्ययंत्रणेपुढे पुन्हा पुन्हा पणाला लागावे लागले.

या अनुभवाचा अधिक फलदायी वारसा जवळच नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे आढळतो. १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार हे सैनिक नव्हेत, तर वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. त्यांनी राळेगणसिद्धीची सूत्रे स्वीकारली. तथापि पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिकांचा निर्णय तेथे घेण्याची रीत पाडली. कूपनलिकांवरील बंदीही ग्रामसभेच्या नियमाने आली. अधिकार व्यक्तीकडून संस्थेकडे सरकल्याचे येथे दिसते.

समारोप

हजारे यांच्या जीवनावरून असे म्हणता येईल की, निवृत्त सैनिक हा ग्रामीण महाराष्ट्रातील परिवर्तनाचा दुर्लक्षित घटक आहे. निश्चित उत्पन्न, तटस्थता आणि नियोजनाची सवय त्याच्यापाशी असते. नियमांचे पालन करवून घेण्याची त्याची क्षमता प्रारंभी उपयोगी पडते. परंतु ते नियम करण्याचा आणि बदलण्याचा हक्क ग्रामसभेकडे आला, तरच काम त्या माणसामागे टिकते. खेमकरणच्या रणभूमीवर एक दिवस वाचलेल्या आयुष्याचा हिशेब पुढील अर्धशतकाच्या गावाच्या इतिहासात मांडावा लागतो. निमज आणि राळेगणसिद्धीप्रमाणेच जिल्ह्यातील अनेक गावांत माजी सैनिकांची घरे आहेत. त्यांच्या युद्धोत्तर आयुष्यांच्या नोंदी महाविद्यालयीन स्तरावर संकलित होणे, हे स्थानिक इतिहासलेखनापुढील तातडीचे कार्य होय.