मांडीच्या हाडाची गोष्ट

मांडीचं हाड मोडलं तर माणूस फार तर लंगडा होईल, मरेल कशाने? बरीच वर्षं माझाही असाच समज होता. पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना तो गेला. त्या युद्धाच्या सुरुवातीला गोळी लागून मांडीचं हाड मोडलेल्या दर दहा ब्रिटिश सैनिकांपैकी आठ दगावत, असं सांगतात. (या आकड्यावर वाद आहे, पण पुष्कळ दगावत हे खरं.)

मांडीचे स्नायू फार जोरकस. हाड मोडलं की ते आखडतात, तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात आणि स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्यासरशी आतलं मांस कापतात. एका मांडीत लिटरभर रक्त सहज साचतं. इस्पितळ येईपर्यंत माणूस गार पडलेला असे.

आणि गंमत बघा, उपाय चाळीस वर्षं आधीच तयार होता! लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने १८७५ च्या सुमारास गुडघ्याच्या दुखण्यासाठी लोखंडी सळीची एक चौकट केली होती. वर जांघेत बसणारं, चामड्याने मढवलेलं कडं. पाय खाली ओढून चौकटीच्या टोकाला बांधला की हाड हलत नाही. पण थॉमस पडला हाडवैद्याचा मुलगा. स्वतः रीतसर डॉक्टर झाला तरी मोठ्या इस्पितळात त्याला जागा नव्हती, आणि स्वभावही तिरसट. घरीच लोहार ठेवून तो साधनं घडवून घेई. १८९१ मध्ये तो वारला. त्याच्याकडे घरगुती औषधवाल्याकडे बघावं तसं बघणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला होता. महायुद्धात त्याने ही चौकट लावून धरली. १९१७ च्या अरासच्या लढाईत अशा १००९ जखमींची नोंद झाली, त्यांत मृत्यू शेकडा सोळाच्या आत. सगळं श्रेय चौकटीचं नव्हे, शस्त्रक्रियाही लवकर होऊ लागल्या होत्या.

पण चौकट इस्पितळात नाही, जखमी पडला असेल तिथेच लावायची होती. तीही बूट आणि पँट न काढता! स्ट्रेचर वाहणाऱ्यांकडून त्याची कवायत करून घेत. रात्री खंदकात दिवा लावता येणार नाही, म्हणून डोळ्यांना पट्टी बांधूनसुद्धा.