आभासी क्रीडांगण आणि त्याचे प्रेक्षक

खेळाला खेळणारा पुरतो. सामन्याला पाहणारा लागतो. हा भेद जुनाच आहे. कुस्तीच्या हौद्याभोंवतीं दाटीनें बसलेल्या माणसाला पहिलवानाची पकड, त्याचा दम, त्याच्या मांडीचा कंप हें सारें उघड्या डोळ्यांनीं दिसतें, आणि म्हणूनच तो हळहळतो, ओरडतो, फेटा उडवितो. परंतु अलीकडे असा एक खेळ जन्मास आला आहे कीं, ज्यांत खेळणाऱ्याचे डोळे प्रथम झांकले जातात आणि मग त्याचें मैदान त्याला दिसूं लागतें. भोंवतालच्या लोकांस तें मैदान दिसत नाहीं. त्यांना दिसतो तो केवळ हवेंत हात मारणारा एक मनुष्य. ह्या प्रकारास 'व्हर्च्युअल रिॲलिटी' अथवा मराठींत 'आभासी वास्तव' असें म्हणतात. त्यांतून लोकांनीं जमून पाहावा असा चुरशीचा क्रीडाप्रकार घडविण्याचा जो उद्योग झाला, त्याची हकीगत थोड्याच वर्षांची आहे. पण मैदान कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न तिनें जितका उघडा केला तितका दुसऱ्या खेळानें क्वचितच केला असेल.

मूळ शोध कांहीं खेळासाठीं लागलेला नव्हता. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड ह्या शास्त्रज्ञानें डोक्यावर बसविण्याचें एक दर्शनयंत्र लोकांपुढें मांडलें. त्याचा सांगाडा इतका जड होता कीं, तो छतापासून टांगावा लागे. मान वळविली म्हणजे डोळ्यांपुढील रेषाकृति त्या हिशेबानें वळत. एवढेंच त्याचें कार्य, पण पुढील सर्व इमारत ह्याच पायावर उभी आहे. करमणुकीच्या बाजारांत हें तत्त्व आणलें तें इंग्लंडांतील लेस्टर शहरच्या मंडळीनें. जोनाथन वॉल्डर्न व त्याचे सहकारी ह्यांचीं 'व्हर्च्युॲलिटी' नांवाचीं यंत्रें १९९१ मध्यें खेळघरांतून मांडलीं गेलीं. गिऱ्हाइकानें कठडा असलेल्या चौथऱ्यावर उभें राहावें, जड शिरस्त्राण घालावें, हातांत एक दस्ता घ्यावा आणि 'डॅक्टिल नाइटमेअर' खेळावें. अधांतरीं तरंगणारे चौकड्याचौकड्यांचे ओटे, त्यांवर शस्त्र घेऊन फिरणारे प्रतिस्पर्धी, आणि मधूनच झडप घालून खेळाडूस उचलून नेणारा एक प्रचंड पंखांचा प्रागैतिहासिक प्राणी, असा तो मामला. चित्रें ओबडधोबड असत. डोकें हालविल्यावर देखावा हालण्यास किंचित् विलंब लागे व पुष्कळांस मळमळे. तथापि कित्येक यंत्रें तारांनीं जोडून चार माणसें एकाच आभासांत एकमेकांशीं लढूं शकत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. स्पर्धेचें बीज तेथेंच पडलें. पीक मात्र आलें नाहीं. जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९९५ त काढलेला 'व्हर्च्युअल बॉय' वर्षभरांत बाजारांतून उठला, आणि लेस्टरच्या कंपनीचें दिवाळें १९९७ त वाजलें.

ह्यानंतर सुमारें पंधरा वर्षें सामसूम होती. ती मोडली ती खिशांतील टेलिफोनानें. मोबाइल फोन घरोघर झाल्यामुळें लहान, तेजस्वी पडदे आणि हालचाल मोजणारीं सूक्ष्म यंत्रें स्वस्त झालीं, व तींच शिरस्त्राणांत बसवितां येऊं लागलीं. १९ वर्षांच्या पामर लकी ह्या अमेरिकन तरुणानें ऑगस्ट २०१२ मध्यें 'ऑक्युलस रिफ्ट' ह्या शिरस्त्राणासाठीं लोकांकडे अडीच लक्ष डॉलर मागितले. लोकांनीं चोवीस लक्षांहून अधिक दिले. मार्च २०१४ मध्यें फेसबुक कंपनीनें सुमारें २०० कोटी डॉलरांस तो व्यवसाय विकत घेण्याचें जाहीर केलें. २०१६ च्या मार्च महिन्यांत 'रिफ्ट' व एप्रिलांत एच.टी.सी. कंपनीचें 'व्हाइव्ह' हीं शिरस्त्राणें विक्रीस आलीं, आणि वर्ष सरण्यापूर्वीं दोहोंच्या खेळाडूंस हातांची हालचाल टिपणारे दस्ते मिळाले. येथून पुढें हात हे खरे हात झाले. बटण दाबून पात्राला धांवविणें आणि स्वतःच्या दंडानें फेंकणें ह्यांत जें अंतर आहे तेंच येथें पडलें.

ह्या हातांचा सर्वांत चांगला उपयोग कॅलिफोर्नियांतील 'रेडी ॲट डॉन' ह्या मंडळीनें केला. जुलै २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा 'एको अरीना' हा खेळ थोडक्यांत सांगावयाचा तर गुरुत्वाकर्षण नसलेल्या बंदिस्त पोकळींतील तबकडीफेंक होय. दोन लहान संघ, मध्यें एक तबकडी, दोन्ही टोंकांस गोल. जवळून गोल केल्यास दोन गुण, दुरून केल्यास तीन. चालावयाचें नाहीं, धांवावयाचें नाहीं. भिंतीची कड, अधांतरीं तरंगणारा ठोकळा, सोबत्याचा खांदा किंवा प्रतिस्पर्ध्याचा पाय, जें हातीं लागेल तें धरून स्वतःस लोटून द्यावयाचें. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर ठोसा बसला तर तो क्षणभर बधिर होतो. ह्या रचनेंत एक मोठी हिकमत होती. आभासांत मळमळ होते ती बहुधा डोळे 'मी चाललों' म्हणतात व कानांतील तोलाचें इंद्रिय 'मी उभा आहें' म्हणतें ह्या विसंवादामुळें. गति स्वतःच्या हाताच्या रेट्यानें मिळाली म्हणजे हा विसंवाद पुष्कळांस सोसतो. शिवाय यंत्राला डोकें व दोन हात एवढ्यांचीच जागा कळत असे, पायांची नाहीं; आणि निर्गुरुत्व पोकळींत पायांचें काम तें काय? यंत्राची उणीव खेळाच्या नियमांत बेमालूम लपली. चांगल्या खेळाचे नियम असेच घडतात. आट्यापाट्यांची पाटी एवढीच कां, ह्याचें उत्तर मनुष्याच्या पावलांत व हातांच्या पल्ल्यांत आहे.

खेळ उत्तम ठरला. पण तो पाहावा कसा? पहिला सुचणारा उपाय म्हणजे खेळाडूला दिसतें तेंच पडद्यावर दाखविणें. तो फसतो. खेळाडूची मान क्षणोक्षणीं वळत असते; ती वळवीत असल्यामुळें त्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण खुर्चीवर स्थिर बसलेल्या प्रेक्षकाला भोंवळ येते. म्हणून खेळाच्या आंतच एक अदृश्य चित्रकार पाठवावा लागला. कोणाच्याहि डोळ्यांनीं न पाहतां पोकळींत कोठेंहि तरंगणारा कॅमेरा त्यानें हांकावा, तबकडी कोठें जाणार ह्याचा अदमास बांधावा, आणि समालोचकानें त्यावर बोलावें. ह्या कामाला फुटबॉलच्या छायाचित्रकाराहून अधिक कसब लागतें, कारण येथें वर-खालीं हा भेदच नाहीं. सभागृहांतील दृश्य तर विलक्षणच असे. रंगमंचावर डोळे झांकलेले खेळाडू आपापल्या चौकोनांत उभे राहून हवेला ठोसे मारीत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरील पडद्यावर तेच खेळाडू यंत्रमानवांच्या रूपानें एकमेकांवर आदळत आहेत. प्रेक्षकानें वर पाहावें कीं खालीं? दोन्ही पाहिल्यावांचून मौज पुरी होत नसे. वरच्या यंत्रमानवाच्या मानेची लकब आणि खालच्या माणसाच्या मानेची लकब एकच आहे, हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे बाहुल्यांचा खेळ संपून माणसांचा सामना सुरू होई. इतर संगणकी खेळांत हें घडत नाहीं. तेथें खेळाडूचीं फक्त बोटें हालतात.

धनिकांस ह्यांत भविष्य दिसलें. ऑक्युलस, इंटेल व जर्मनींतील स्पर्धाचालक ई.एस.एल. ह्यांनीं २०१७ त 'व्ही. आर. चॅलेंजर लीग' उभारली. बक्षिसांची रक्कम दोन लक्ष डॉलरांच्या घरांत होती. 'एको अरीना' व जादूगारांच्या द्वंद्वाचा 'दि अनस्पोकन' हे तिचे दोन खेळ. अंतिम सामने २०१८ च्या आरंभीं पोलंडांतील कॅटोवित्से येथील मोठ्या स्पर्धामहोत्सवांत झाले. पुढें डॅन्टी बकली ह्या एकट्या तरुणानें रचण्यास आरंभ केलेला 'ऑनवर्ड' हा लढाईचा खेळ आणि प्राग येथील मंडळीचा 'बीट सेबर' हा तालावर तलवारी फिरविण्याचा खेळ हेहि लीगमध्यें आले. जून २०१९ च्या अंतिम सामन्यांस यजमान शहर होतें लेस्टर, जेथून १९९१ चीं यंत्रें निघालीं तेंच.

मोठ्या लीगच्या बाजूस खेळाडूंनीं स्वयंसेवेवर चालविलेल्या लीगहि होत्या, आणि खरा जिवंतपणा त्यांच्याच अंगीं होता. वेळापत्रकें, पंच, समालोचन, गुणफलक दाखविण्याचीं साधनें, सर्व हौशी लोकांनीं रचलेलें. मे २०२० पासून हा खेळ 'क्वेस्ट' ह्या स्वतंत्र शिरस्त्राणावर 'एको व्ही. आर.' नांवानें फुकट खेळतां येऊं लागला व नवीं मुलें भराभर आलीं. पुढच्याच महिन्यांत फेसबुकनें 'रेडी ॲट डॉन' विकत घेतल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं पुष्कळांनीं हें शुभवर्तमान मानलें. खेळाला भक्कम धनी मिळाला असें त्यांस वाटलें.

भक्कम धन्यालाहि दुसरे व्याप असतात. ३१ जानेवारी २०२३ रोजीं 'मेटा' हें नवें नांव धारण केलेल्या त्याच कंपनीनें हा खेळ बंद होत असल्याचें जाहीर केलें. कारण असें दिलें गेलें कीं, खेळणारांची संख्या पुरेशी नाहीं व माणसें इतर कामीं हवीं आहेत. हिशेबाच्या दृष्टीनें तें खोटें नसेल. परंतु ज्या तरुणांनीं पांच-सहा वर्षें संघ बांधले, मध्यरात्रीं सराव केला, परदेशच्या सोबत्यांशीं मैत्री जोडली, त्यांचें मैदान एका पत्रकानें नाहींसें झालें. विनंतिपत्रें निघालीं. काहीं काळापूर्वींच ती कंपनी सोडून गेलेले विख्यात प्रोग्रामर जॉन कारमॅक ह्यांनीं उघडपणें लिहिलें कीं, दहा हजारच माणसें उरलीं असलीं तरी त्यांच्या हातचें असें हिरावून घेणें शक्य तोंवर टाळावें. उपयोग झाला नाहीं. १ ऑगस्ट २०२३ रोजीं कंपनीचे सर्व्हर बंद झाले, आणि त्याबरोबर घरोघरच्या शिरस्त्राणांतील तें क्रीडांगणहि मावळलें. हुतूतूची जागा सरकारनें घेतली तर पोरें शेजारच्या पडींत रेघा ओढतात. येथें रेघा ओढण्याचा खडूच कंपनीचा होता.

'एको'चे स्पर्धक राहिलेल्या केरेस्टेल स्मिथ ह्यांनीं २०२१ त 'गोरिला टॅग' हा हातांनींच पळण्याचा शिवाशिवीचा खेळ काढला होता. हातांनीं स्वतःस ढकलण्याची त्यांतील युक्ति 'एको'पासूनच उचललेली. त्या खेळाचें उत्पन्न पुढें दहा कोटी डॉलरांपलीकडे गेल्याचें २०२४ त जाहीर झालें. त्याच वर्षीं ऑगस्टांत मेटानें 'रेडी ॲट डॉन' ही संस्थाहि मिटविली. तोंवर कांहीं जुन्या खेळाडूंनीं जपून ठेविलेल्या प्रती जुळवून, पदरमोड करून, स्वतःचे सर्व्हर उभे केले होते, आणि त्यांवर तबकडी पुन्हां फेंकली जाऊं लागली होती.