मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि परळचें एक औषध

घरांतील कर्ता पुरुष सकाळीं चहाचा पेला उचलावयास जातो आणि हात उचलत नाहीं. ओठ वांकडे होतात, शब्द जिभेवरच अडतो. गिरगांव-लालबागच्या चाळींतून असा प्रसंग पाहिलेलीं बिऱ्हाडें थोडीं नाहींत. आपण म्हणतों, अर्धांगवायूचा झटका आला. शब्दांत वायु असला तरी दोष वायूचा नसतो. मेंदूंतील एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. आणि रोग्याला मधुमेह असेल तर या अनर्थाची तयारी पुष्कळदां वर्षानुवर्षें चाललेली असते.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढें. परंतु प्राणवायूचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करितो. तो पोंचविणाऱ्या केशवाहिन्यांना आंतून पेशींच्या एकाच थराचें अस्तर असतें. हें अस्तर मेंदूचा पहारेकरीही आहे. पॉल एर्लिख यांनीं १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडून पाहिला, तेव्हां बाकीचीं इंद्रियें रंगलीं. मेंदू तेवढा कोरा राहिला. याचें मर्म त्यांना उमगलें नाहीं. १९६७ सालीं रीस आणि कार्नोव्हस्की यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं या पेशींमधले घट्ट सांधे दाखविले, तेव्हां कोडें सुटलें.

या पेशींची अडचण अशी कीं, इन्सुलिनची वाट न पाहतां त्या रक्तांतील साखर आंत घेतात. रक्तांत साखर वाढली कीं त्यांच्या पोटांतही ती वाढते. आणि ती जाळतांना प्राणवायूचेंच एक विध्वंसक रूप निपजतें, तें पेशीला आंतून पोखरतें. रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं सिद्ध केलें कीं, वाहिनीला सैल होण्याची आज्ञा हें अस्तरच देतें. पुढें तो आज्ञावाहक नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु असल्याचें ठरलें. (म्हणजे वायूचा संबंध अगदींच नाहीं असें नव्हे!) अस्तर बिघडलें म्हणजे ही आज्ञा क्षीण होते, वाहिनी हवी तेवढी रुंदावत नाहीं, आणि प्राणवायूची टंचाई सुरू होते. टंचाई जाणवतांच पेशी नव्या वाहिन्यांची मागणी करितात. ही जाणीव त्यांना कशी होते, याच्या शोधाला २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु घाईनें उगवलेल्या या वाहिन्या पाझरतात. मधुमेहींच्या डोळ्यांत तर त्या वैद्यांना प्रत्यक्ष पाहतां येतात.

अशा झिजलेल्या अस्तरावर रक्ताचा दाबही चढला, तर व्हावयाचें तेंच होतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें गेले. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हें त्यांच्या वैद्यांना ठाऊक होतें. तो उतरविणारें भरंवशाचें औषध मात्र त्यांच्याजवळ नव्हतें. त्या काळीं अमेरिकेंत डॉ. केम्पनर रक्तदाबाच्या रोग्यांना भात आणि फळें यांवर ठेवीत. कोंकणांतल्या माणसाला यांत औषध तें काय, असें वाटेल. पण मीठ वर्ज्य होतें!

औषध आपल्याच देशांतील एका मुळींत होतें. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनीं १९३१ सालींच लिहून ठेविला होता. पाश्चात्त्य वैद्यांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. तें वेधून घेतलें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं. १९२६ सालीं उघडलेल्या या रुग्णालयाचा बाणाच असा कीं, चालविणारे वैद्य आपलेच असावेत. वकिलांचा निबंध १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. रोगी अवघे ५०, उपचार चार आठवड्यांचा. परंतु बहुतेकांचा दाब उतरलेला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें त्या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५७ सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

त्या औषधानें कित्येकांचें मन उदास होई, हें सांगितलें पाहिजे; आज तें क्वचितच देतात. पण दाब उतरविल्यानें माणूस वांचतो, हें ज्या अमेरिकन प्रयोगानें १९६७ सालीं दाखविलें, त्यांतील औषधांत रिसर्पिन होतें. खोटी गोळी मिळालेल्या ७० जणांपैकीं २७ जणांना गंभीर उपद्रव झाले. खरें औषध मिळालेल्या ७३ पैकीं केवळ दोघांना.

मधुमेहींचा निकाल लागला १९९८ सालीं, इंग्लंडांत. साखर कसून आटोक्यांत ठेविल्यानें बारीक वाहिन्यांचे विकार चतुर्थांशानें घटले, परंतु पक्षाघात घटला नाहीं. तो घटला १,१४८ मधुमेहींच्या दुसऱ्या गटांत, जेथें रक्तदाब कसून उतरविला होता. आणि घटला शेंकडा ४४ नीं. आमच्या घरांत मात्र साखरेचे आंकडे तोंडपाठ असतात आणि दाब शेवटचा केव्हां मोजला तें कोणालाच आठवत नाहीं. डॉ. वकील १९७४ सालीं निवर्तले. इंग्लंडांतील तो प्रयोग तेव्हां सुरूही झाला नव्हता.