वयाचा दाखला

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागडात वृद्धांची संख्या किती, हे विचारण्यापूर्वी वृद्ध कोणास म्हणावे याचा निर्णय करावा लागतो. आणि तो वाटतो तितका सोपा नाही. माडियांच्या पिढ्यान् पिढ्या जन्मनोंदीवाचून गेल्या. मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर दगड उभे राहिले, पण त्यांवर सन घातलेला बहुधा आढळत नाही. जन्मतारीख येथे आली ती शाळेच्या पटावरून. महाराष्ट्रातील एक संपूर्ण पिढी १ जून रोजी जन्मली, हा विनोद आपल्याला परिचित आहेच. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ सालचा, तेथील आश्रमशाळा १९७६ची. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना १ जूनदेखील लाभला नाही.

माणसे अधिक जगू लागली म्हणून समाज म्हातारा होतो, हा समज अर्धाच खरा आहे. मृत्यू प्रथम हटतो तो पाळण्यातून. लेकरे वाचली की समाज काही काळ उलट तरुणच होतो. पुढे जन्म घटले म्हणजे वृद्धांचा वाटा चढू लागतो. महाराष्ट्र या दुसऱ्या टप्प्यात केव्हाच शिरला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण प्रजननदर १.७ भरला, आणि २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोक ९.९ टक्के होते. कोकणातील गावे त्याहीआधी म्हातारी झाली, पण तेथे कारण निराळे : तरुण मुंबईला गेले.

गडचिरोलीत लढाई पाळण्यापाशीच चालू होती. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ने जिल्ह्यातील ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटला, आणि ते निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. (ती गावे भामरागडची नव्हेत. गडचिरोली म्हटले की सारा जिल्हा एकच मानण्याची आपली खोड जुनी आहे.) जी लेकरे तेव्हा वाचली ती अजून तिशीच्या आतबाहेर आहेत. त्यांचे वार्धक्य पुढे आहे.

मग आज जे वृद्ध आहेत, त्यांचे काय? आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये दिलेल्या अहवालात आदिवासींचे आयुर्मान ६३.९ वर्षे सांगितले आहे, इतरांचे सुमारे ६७. श्रावणबाळ निवृत्तिवेतनासाठी अट आहे पासष्ट वर्षांची. जन्मवेळचे सरासरी आयुर्मान म्हणजे प्रत्येकाच्या आयुष्याची मर्यादा नव्हे. साठी गाठलेला माणूस पुढेही जगतो, हे मान्य. तरीही एकच उंबरठा साऱ्या राज्याला लावला की कमी जगणाऱ्यांपैकी थोडेच तो ओलांडतात, एवढे गणित उरतेच.

आणि ओलांडला, तरी तो ओलांडल्याचा पुरावा हवा. जन्मनोंद, शाळेचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदारयादीतील वय, नाहीतर सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र. पहिली दोन नसतात. पुढच्या दोहोंत कोण्या प्रगणकाने चेहरा पाहून लिहिलेला आकडा असतो; भारतीय जनगणनेत शून्य आणि पाच यांनी संपणारी वये नेहमीच फुगलेली दिसतात, ती अशाच अंदाजांनी. कष्टाने लवकर वाकलेल्या माणसाचे वय अधिक पडायचे, काटक म्हातारीचे कमी. तो आकडा पुढे कागदावरून कागदावर उतरत जातो.

याच माणसांकडे मात्र सरकार एका बाबतीत हात जोडून येते. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथन हा ग्राह्य पुरावा मानला आहे. कोणत्या नाल्यापर्यंत गावाची शीव, कोणत्या डोंगरावरून बांबू आणला जाई, देवस्थान कोठे, हे सांगणारे ओठ पिकलेले असावेत, ही तेथे जणू अपेक्षाच. जिल्ह्यातील मेंढा-लेखाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तसे दावे मग गावोगाव झाले. शाळा शिकून मुले नागपूरपर्यंत गेली, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यावर ग्रामसभांनी नकाशे रेखले. जंगल किती जुने हे ज्याच्या शब्दावर ठरते, तो स्वतः किती जुना आहे हे सांगू लागला की तहसिलीत दाखला मागतात.