भाऊ, जुना बॅनर हाय का?

परवा कारखाना रोडला ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर थांबलो होतो. बीडकडच्या एका ताईंनी विचारलं, “भाऊ, पत्रकार हायेत ना तुमी? हापिसात जुना ब्यानर असंल तर द्या की, कोपीवर टाकायला.” दोन मिळाले. एक दहीहंडीचा, एक साहेबांच्या वाढदिवसाचा. संध्याकाळी परत गेलो तर कोपी उभी होती आणि साहेब छपरावर उलटे झोपून हात जोडत होते.

फोटो काढला, पण टाकला नाही. हसण्यावारी गेला असता. त्याऐवजी मंडळी, या कोपीचा थोडा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

कळकाच्या काठ्या, चार तट्ट्या, वर उसाचं पाचट. नवरा-बायको मिळून काही तासांत उभी करतात. हंगाम संपला की काठ्या-तट्ट्या ट्रॅक्टरवर आणि पाचट तिथंच. अलीकडे पाचटाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला प्लास्टिकचा कागद, खताची पोती, जुन्या साड्या आणि फ्लेक्स आला. जे फेकलं जातं त्यातून घर करायचं, हे या लोकांना कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही.

आपल्या सगळ्यांच्याच घराण्यात कुणीतरी अशा झोपडीत राहून गेलंय. माझी आजी ‘पलेगाच्या साला’च्या ऐकीव गोष्टी सांगायची. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1897 ला पुण्यात हाहाकार झाला, मग तो गावोगाव पसरला. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून रानात जायचे. पाचट, कडबा, तुराट्या, हाताला लागेल त्याच्या झोपड्या बांधून महिनोन् महिने राहायचे. चिरेबंदी वाड्यातला माणूसही झोपडीत आला, कारण जीव तिथंच वाचत होता.

दुसरी आठवण माझी स्वतःची. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी शाळेत होतो, आमच्याकडे नुसती मांडणीवरची भांडी वाजली. तिकडे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत गाडली गेली. जवळपास 8 हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावर फूटभर किंवा त्याहून जास्त मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर अंगावर आलं. पुढे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. उन्हात ती तापायची, पण डोक्यावर मातीचा भार नव्हता.

तिसरी गोष्ट 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपानंतरची. शिगेरू बान नावाचे जपानी आर्किटेक्ट. 1995 च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभारली होती, पाया म्हणून वाळू भरलेले बिअरचे क्रेट. भूजला पाया केला पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा, जमीन मातीची, छपराला बांबूच्या चिवट्या आणि वेताच्या चटया. या माणसाला 2014 साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वात मोठा मानला जाणारा पुरस्कार मिळाला. पुरस्कार योग्यच आहे. पण चटई, बांबू आणि टाकाऊ माल हे गणित आपल्या अड्ड्यावरच्या बाईलाही येतं, एवढंच लक्षात असू द्या.

आता मुद्द्यावर येतो. प्लेग सांगून आला नव्हता. किल्लारी सांगून झाली नाही, भूजही नाही. तिथली हलकी, तात्पुरती घरं संकटातली सोय होती. ऊसतोड मात्र दरवर्षी ठरलेली. गाळप कधी सुरू होणार ते आधी जाहीर होतं. किती कोयते येणार याचे करार आणि उचल त्याआधी झालेली असते. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, म्हणजे सत्तरहून जास्त हंगाम झाले. काटा बदलला, यंत्रं बदलली, इथेनॉल आलं. कोपीच्या छपरावर पाचटाऐवजी फ्लेक्स आला, बदल तेवढाच.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागात अड्ड्यावर तीन कोप्या जळाल्या. मी चार ओळींची बातमी दिली होती, ‘सुदैवाने जीवितहानी नाही’. कोप्या एकमेकींना चिकटून का होत्या, चूल आत का होती, पाण्याचा टँकर किती लांब होता, हे मी विचारलंच नाही. ती चूक माझी.

त्या ताईंना मी सिमेंटचा बंगला द्या म्हणत नाही. पाच-सहा महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसाला हलकंच घर लागतं आणि ते बांधायला त्या समर्थ आहेत. त्यांना हवी आहे पाणी न साचणारी, सपाट केलेली जागा. दोन ओळींत आग उडी मारणार नाही एवढं अंतर. चुलीसाठी बाहेर वेगळा आडोसा, कारण पाचट भडकन पेटतं आणि फ्लेक्स पेटला की विषारी धूर होतो. नळ, दिवा आणि बायकांसाठी संडास. जमलं तर चांगल्या तट्ट्या आणि ताडपत्री, हंगामाअखेर परत घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल अशी.

कारखान्याच्या एका संचालकांना हे बोललो. म्हणाले, “अहो, ते मुकादमाचं बघणं असतं.” मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “कारखान्याला विचारा.”

म्हणून आता तुम्हाला विचारतो. तुमच्यातले कितीतरी जण सभासद आहेत. सर्वसाधारण सभेत भावाचा प्रश्न विचाराच, तो हक्काचा आहे. त्याच्याखाली एक ओळ वाढवा : पुढच्या हंगामात अड्ड्याची जागा कुठे आणि नळ किती?

तोवर घरात जुना बॅनर पडला असेल तर नेऊन द्या. फक्त तेवढ्यावर सुटलो असं समजू नका.