लुबुंटू: रूप बदलल्यानंतर जुन्या संगणकावर वापर किती सोपा?

लुबुंटू ही उबुंटू परिवारातील हलकी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ऑक्टोबर 2011 मधील 11.10 आवृत्तीपासून तिला उबुंटूची अधिकृत मान्यता मिळाली. कमी मेमरीच्या संगणकावरही ती चालते, अशी तिची ओळख होती. ऑक्टोबर 2018 मध्ये 18.10 आवृत्तीत तिचे संपूर्ण रूप बदलले.

हा प्रश्न आज का महत्त्वाचा?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत, किंवा सातबारा काढून देणाऱ्या केंद्रात जुना संगणक असेल, तर तो बदलायचा की हलक्या सिस्टीमवर चालवायचा, हा खर्चाचा प्रश्न होतो. सिस्टीम मोफत मिळाली तरी रोज काम करणाऱ्याचा हात अडखळला, तर रांगेतल्या माणसालाच थांबावे लागते.

रूप का बदलले?

पूर्वी लुबुंटूमध्ये एलएक्सडीई हा डेस्कटॉप होता. तो जीटीके 2 या साधनसंचावर उभा होता आणि हा संच जुना होत चालला होता. एलएक्सडीईचे जनक, तैवानचे हाँग जेन यी यांनी 2013 मध्ये क्यूटी या दुसऱ्या संचावर फाईल मॅनेजर लिहून पाहिला. पुढे रेझर-क्यूटी हा प्रकल्प त्यांच्या कामात सामील झाला आणि 2014 मध्ये एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती आली. लुबुंटूने चार वर्षांनी तोच डेस्कटॉप स्वीकारला.

काय तसेच राहिले?

पॅनल खालीच आहे. मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात. विंडो हलवणे, लहान-मोठी करणे हे काम पूर्वीप्रमाणे ओपनबॉक्सच करतो. त्यामुळे जुन्या लुबुंटूवर किंवा विंडोज 7 वर हात बसलेला माणूस पहिल्याच दिवशी फाईल शोधू शकतो आणि प्रिंट काढू शकतो. मेनूमध्ये शोधण्याची चौकटही आहे. नाव टाइप केले की प्रोग्राम सापडतो.

कुठे अडखळायला होते?

- प्रोग्राम बदलले. अबीवर्ड आणि न्यूमेरिकच्या जागी लिबरऑफिस आले. कागदपत्रांसाठी ते जास्त उपयोगी आहे, पण उघडायला जास्त वेळ घेते. चित्रफिती आणि गाण्यांसाठी व्हीएलसी आले.
- सेटिंग्ज विखुरलेल्या आहेत. बऱ्याच सेटिंग्ज एका केंद्रात गोळा केल्या आहेत. तरी विंडोच्या चौकटीचे रूप ओपनबॉक्सच्या वेगळ्या खिडकीत बदलावे लागते. अक्षरे मोठी केली आणि शीर्षकपट्टी मात्र तशीच राहिली, असा गोंधळ यामुळेच होतो.
- मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो. मात्र सध्या कोणती भाषा चालू आहे हे दिसावे म्हणून पॅनलवर दर्शक आहे की नाही, ते तपासून घ्यावे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील फाईली असतील, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घेणे बरे.

हलकी म्हणजे सगळेच हलके नाही

2018 मध्येच लुबुंटूच्या चमूने धोरण बदलले. सर्वात जुन्या संगणकांसाठीची सिस्टीम हा मुख्य हेतू सोडून, हलका आणि आधुनिक डेस्कटॉप देण्यावर भर दिला. 19.04 पासून 32-बिट आवृत्ती बंद झाली. 32-बिट आवृत्ती असलेल्या 18.04 चा आधार एप्रिल 2021 मध्ये संपला. म्हणजे 32-बिट प्रोसेसरचा संगणक असेल, तर आजची लुबुंटू त्यावर बसतच नाही.

दुसरा भार ब्राउझरचा. डेस्कटॉप थोडक्या मेमरीत चालतो, पण शासकीय संकेतस्थळे चार-पाच टॅबमध्ये उघडली की खरी मेमरी तिथे खर्च होते. 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना वेळ घेतो. अशा संगणकात रॅम वाढवली किंवा एसएसडी बसवली, तर डेस्कटॉप बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

बदलण्यापूर्वी काय करावे?

लुबुंटू पेन ड्राइव्हवरून, संगणकात न बसवताही चालवून पाहता येते. रोजची तीन-चार कामे त्यावर करून पाहावीत: प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र, मराठी टायपिंग. अंगठ्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी असेल, तर त्या संगणकावर बदल करू नये. दीर्घ आधाराची आवृत्ती निवडावी, 24.04 ला एप्रिल 2027 पर्यंत आधार आहे.

नव्या रूपात लुबुंटू शिकायला अवघड झाली नाही. अडचण ठरते ती संगणकाचे वय आणि त्याला जोडलेली यंत्रे यांची. म्हणून चाचणी घ्यायची ती तिथेच, आणि ज्याचे हात त्यावर रोज चालणार आहेत त्याच्याकडूनच.